दूध भरपूर आहे, पण दुखतंय त्याचं काय

गुरुवार, पहाट

काल दीड महिन्याची लस झाली. मांड्यांना सुया, तोंडात पोलिओचे आणि रोटाचे थेंब, पोरीने सगळा दवाखाना डोक्यावर घेतला. घरी आल्यावर अंग कोमट लागायला लागलं, डॉक्टरांनी सांगितलेले पॅरासिटामॉलचे थेंब दिले आणि ती जी झोपली ती झोपलीच. संध्याकाळी कसेबसे चार घोट प्यायली, परत झोप. आई म्हणाली, झोपू दे गं तिला, लसीचा दिवस आहे, तूही पड जरा. मी पडले आणि जाग आली ती ठणक्यानेच. गाऊन पुढून सगळा ओला, दोन्ही बाजू दगड झालेल्या, कातडी ताणून चकचकीत, पार काखेपर्यंत गाठी हाताला लागत होत्या, हात अंगाशी घेता येईना की कूस बदलता येईना.

आधी तिलाच उचललं. झोपेतच. दुपटं सोडलं, लंगोट बदलला, तळपायावर बोट फिरवलं तेव्हा कुठे तोंड उघडलं, पण तिला धरायला काही जागाच नव्हती, पुढचा सगळा भाग इतका ताठ झालेला की निप्पल सपाट होऊन गेलेलं, ती ओठ लावायची, घसरायची आणि चिडून रडायची. मग मिरजेच्या दवाखान्यात रात्रपाळीच्या सिस्टरांनी शिकवलेलं ते केलं. जरा मागे रेलून बसले, दोन्ही हातांची बोटं निप्पलच्या अगदी भोवती गोलाकार ठेवली आणि आत बरगड्यांच्या दिशेने हळू पण सलग दाबून धरली, मनात साठ आकडे होईपर्यंत, मग बोटांची जागा थोडी बदलून परत तसंच. हे दूध काढायला नसतं. तिथे काळ्या भागाखाली जी सूज साठलेली असते ती मागे सरकते आणि बाळाच्या तोंडात मावेल एवढा भाग मऊ पडतो. मग हाताने थोडं काढलं, अंगठा वरच्या बाजूला, बोटं खालच्या, आधी मागे छातीकडे दाबायचं आणि मग एकमेकांकडे, कातडीवर बोटं घासायची नाहीत. वाटीत थोडं पडलं आणि पान्हा सुटला, तिने झोपेतच धरलं आणि घटाघट आवाज यायला लागला तेव्हा माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, दुखणं उतरतंय त्याचं.

आता एक बाजू बरी आहे, दुसरीवर गार रुमाल ठेवलाय, पोरगी परत झोपलीय आणि माझी झोप उडालीय. हे लिहायचं खूप दिवसांपासून डोक्यात आहे.

पहिल्यांदा हे झालं तेव्हा काय होतंय ते कळतच नव्हतं. सिझर झालेलं, दोन दिवस नुसता चीक येत होता, थेंब थेंब, पिवळसर, आणि घरच्यांच्या तोंडी एकच प्रश्न, दूध येतंय का, पुरतंय का, वरचं द्यायचं का. गरोदरपणात सगळ्या तयारीत मला कोणी हे सांगितलं नव्हतं की दूध असं हळूहळू चढत नाही, ते एकदम येतं. वार बाहेर पडली की प्रोजेस्टेरॉन हे गरोदरपणातलं हार्मोन झपाट्याने उतरतं, तोपर्यंत दबून राहिलेलं प्रोलॅक्टिनचं, म्हणजे दूध बनवणाऱ्या हार्मोनचं, काम सुरू होतं आणि साधारण दुसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या मधे छाती भरून येते, सिझरवाल्यांना कधी कधी जरा उशिरा. आणि ते फक्त दूध नसतं. त्या भागात रक्तपुरवठा वाढलेला असतो, ऊतींमध्ये पाणी साठतं, त्यात ऑपरेशनच्या वेळी शिरेतून दिलेली सलाईन असतेच. म्हणून कितीही पिळलं तरी सगळा ताठपणा जात नाही, कारण निम्मी तर सूजच असते! हे एक वाक्य मला आधी माहीत असतं तर ती रात्र मी किती वेगळी काढली असती.

त्या दिवशी भेटायला येणारी प्रत्येक बाई खूश. अगं लक्ष्मी आहे, नशीबवान आहेस, आमच्या सुनेला तर आलंच नाही. मी म्हणायचे दुखतंय, त्या म्हणायच्या दुखणारच, चांगलं लक्षण आहे. सकाळी अळिवाची खीर, दुपारी डिंकाचा लाडू, रात्री दुधातून शतावरी कल्प, आणि मी इकडे छातीला टॉवेल धरून बसलेली. त्या सगळ्या मायेने करत होत्या, त्याबद्दल मला तिळभर शंका नाही. पण बाळंतिणीच्या खोलीत दूध कमी असण्यावर शंभर उपाय आहेत आणि जास्त झालं तर त्याला दुखणं म्हणायलाही कोणी तयार नाही, हे मला तेव्हाही खटकलं आणि आजही खटकतं. बाळाचं पोट भरतंय म्हणून आईचं दुखणं खरं नाही असं कसं होईल?

गार कापडाचा तर केवढा प्रश्न झाला. बाळंतिणीचं घर म्हणजे शेक, शेगडी, ओव्याची धुरी, कानाला बांधलेलं फडकं, पंखासुद्धा एकवर. आणि डॉक्टर सांगतात, पाजून झालं की दहा-पंधरा मिनिटं गार ठेवा, बर्फ कापडात गुंडाळून, थेट कातडीवर नको, त्याने सूज उतरते. आईचा चेहराच उतरला. बाळाला सर्दी होईल, दूध गोठेल, तुला वात धरेल. मग मी डॉक्टरांना फोन लावून स्पीकरवर टाकला आणि त्यांनी आईला न रागावता, शांतपणे समजावलं की मुरगळलेल्या पायाला आपण बर्फ लावतो तशीच ही सूज, दूध अंगाच्या उबेत असतं, ते गोठत नाही. आणि गरम शेक पाजायच्या आधी अगदी दोन मिनिटं चालतो, पान्हा सुटायला मदत होते, पण दिवसभर शेकत बसलं तर तिथे रक्त अजून जास्त येतं आणि सूज वाढते. आईने ऐकून घेतलं. फोन ठेवल्यावर काही बोलली नाही, पण थोड्या वेळाने स्वतःच दोन पंचे ओले करून फ्रीजमध्ये ठेवले. नंतर तर भाजीवाल्याकडून कोबीचा गड्डा आणून त्याची पानं धुऊन गार करून दिली, तिच्या बहिणीने सांगितलं होतं म्हणे. कोबीत काही औषध असेल नसेल, पण पान बरोबर वाटीसारखं बसतं आणि गार असतं, मला बरं वाटलं.

मालिशवाल्या मावशींशी मात्र बोलणं अवघड गेलं. त्यांचे हात खरंच गुणी आहेत, पोरीला न्हाऊ घालताना बघत राहावं, पण त्यांच्या मते छातीतली गाठ म्हणजे तेल लावून जोर देऊन फोडायची असते. आता डॉक्टर हे नको म्हणतात. जोरात रगडलं की आतल्या बारीक नळ्यांभोवती इजा होते, सूज वाढते, उलट दूध अडकतं. मी म्हटलं मावशी, इथे फक्त वरच्यावर हात फिरवा, काखेकडे आणि गळ्याकडे, अगदी मांजराला कुरवाळतो तेवढाच. त्या म्हणाल्या, एवढ्याने काय होणार पोरी. पण तेवढंच केलं त्यांनी. आणि त्याने मला खरंच आराम पडायचा.

पंपाबद्दल लिहून ठेवते कारण नवरा पुण्याहून येताना मोठ्या हौसेने घेऊन आला होता. पंप वाईट नाही, ऑफिसला जाणाऱ्या बाईला त्याच्याशिवाय चालणार नाही. पण छाती दाटलेली असताना मशीन लावून पार रिकामं करायचा मोह होतो आणि शरीराला वाटतं की एवढं लागतंय, दुसऱ्या दिवशी तेवढंच परत तयार. जेवढं काढलं जाईल तेवढं बनतं असा तो हिशोब आहे. म्हणून मऊ होईपर्यंत, बाळाला धरता येईपर्यंत काढायचं आणि थांबायचं. बाकी काम बाळाचं, दिवसा-रात्री मिळून आठ ते बारा वेळा, भूक लागेल तसं. कुठल्याही एका बाजूला पाजणं बंद करू नये, ते सगळ्यात महत्त्वाचं, एकदम बंद केलं तर उलट जास्त साठतं. दुखणं फारच असेल तर पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन अंगावर पाजताना चालतं, पण मी डॉक्टरांना विचारूनच घेतलं आणि सगळ्यांनी विचारावं.

आणि ताप. थंडी वाजून ताप आला, एका ठिकाणी लाल चट्टा उठला, अंग मोडून आलं आणि दिवसभरात उतार पडला नाही तर घरी बसायचं नाही, दवाखाना गाठायचा, तो मास्टायटिस, म्हणजे स्तनाचा दाह, असू शकतो आणि पुढे पू धरू शकतो. त्यातही पाजणं चालू ठेवतात. आमच्याकडे एक पाहुण्या म्हणाल्या तापाचं दूध बाळाला देऊ नये, डॉक्टरांनी साफ नाही सांगितलं.

दवाखान्यात माझ्या शेजारच्या कॉटवरच्या ताईंचं बाळ काचेत होतं. सातव्या महिन्यात झालेलं. तिसऱ्या दिवशी त्यांनाही अशीच छाती दाटली आणि जवळ प्यायला बाळ नाही. सिस्टर त्यांना दर दोन-तीन तासांनी उठवून हाताने काढायला लावायच्या आणि ते दूध नळीतून बाळाला जायचं. त्या काढताना रडायच्या आणि काढत राहायच्या. माझं बाळ कुशीत होतं, मला बोलायला शब्द सुचायचे नाहीत, मी फक्त त्यांची वाटी धरायचे. त्यांच्याच तोंडून मी मुंबईतल्या सायनच्या मिल्क बँकेबद्दल ऐकलं, त्यांच्या नात्यातल्या एका बाळाला तिथलं दूध मिळालं होतं. १९८९ साली डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी सुरू केली, आशियातली पहिली. ज्या बायकांना जास्त येतं त्यांचं तपासून, पाश्चराइझ करून काचेतल्या बाळांना. ते ऐकल्यापासून बेसिनमध्ये दूध ओतताना हात थबकतो माझा. आज्जी म्हणते त्यांच्या वेळी वाटीत काढलेलं परड्यात झाडाच्या मुळाशी ओतायचे, पायाखाली येऊ द्यायचे नाहीत. आता मीही कुंडीत ओतते.

परवा एसटी स्टँडवर गेलो तेव्हा हिरकणी कक्षाची, म्हणजे बाळाला पाजायच्या खोलीची, पाटी दिसली आणि मग घरी येईपर्यंत तीच डोक्यात. शाळेत गोष्ट ऐकलेली, रायगडावर दूध विकायला गेलेली गवळण, कोजागिरी, सूर्यास्ताला दरवाजे बंद, घरी तान्हं बाळ आणि ही अंधारात कडा उतरून गेली. आम्हाला नेहमी आईची माया म्हणून शिकवलं, आणि ती माया आहेच. पण आता मला तिचं शरीर दिसतं. सकाळपासून बाळाला पाजलेलं नाही, छाती भरून दगड झालेली असणार, बाळाच्या आठवणीने पान्हा सुटून लुगडं भिजलेलं असणार, आणि तसल्या दुखऱ्या छातीने कड्याला बिलगून, खडकाला अंग घासत ती उतरली. तिचा प्रत्येक खांदा-हात वर करणं किती दुखलं असेल हे मला काल रात्री कूस बदलताना कळलं. महाराजांनी तिथे बुरूज बांधला असं सांगतात. गोष्ट सांगताना यापुढे मी माझ्या पोरीला हेही सांगणार की तिला दुखत होतं.

उजाडलं. दुसरी बाजू पण बरीच उतरलीय, गाठ एकच राहिलीय काखेजवळ, आता तिला काखेत घेऊन, पाय मागे करून पाजेन म्हणजे त्या बाजूचं निघेल असं सिस्टर म्हणाल्या होत्या. तापही नाही, ना मला ना तिला. शतावरी आठवडाभर बंद ठेवू असं आईला सांगितलंय, अळिवाची खीर मात्र आवडते म्हणून खाणार आहे.

कोल्हापूरच्या मैत्रिणीची तारीख पुढच्या आठवड्यात आहे. तिला आज दुपारी व्हिडिओ कॉल करून बोटं कुठे आणि कशी ठेवायची ते उशीवर दाखवते, आणि तिच्या सासूबाईंनाही शेजारी बसायला सांगते, कारण रात्री उठून फ्रीजमधला बर्फ काढून देणाऱ्या त्याच असणार आहेत.