घरच्यांना ‘एल डोराडो’ शिकवताना

रायनर क्निझिया यांनी रचलेला ‘द क्वेस्ट फॉर एल डोराडो’ हा पटावरचा खेळ २०१७ सालचा. दोन ते चार जणांची शर्यत. जंगल, पाणी, गावं ओलांडून दंतकथेतल्या सोन्याच्या एल डोराडोला आधी पोचेल तो जिंकला. फासा नाही. प्रत्येकाकडे स्वतःची पत्त्यांची गड्डी, आणि धावता धावता तीच सुधारत न्यायची. हात बसला की तासाभरात डाव उरकतो. पण उन्हाळ्यात नागपूरला जमलेली मंडळी झब्बू आणि बदाम सातवर वाढलेली असतात, त्यामुळे काय आधी सांगायचं आणि काय नंतर, हे मी ठरवूनच बसतो.

पट मांडला की लांबलचक होतो, टीपॉयवर मावत नाही. सतरंजीवर पटाचे तुकडे सरकतात, म्हणून थेट फरशीवर मांडायचा. मे महिन्यात कूलरशिवाय बसणं शक्य नाही, आणि पत्त्यांचा खरा वैरी तोच. ओलसर हवेनं पत्ते वाकतात, पिसताना एकमेकांना चिकटतात. झोत समोरून आला तर गड्ड्याच उडतात. कूलरच्या पट्ट्या वर करायच्या आणि पत्ते प्लास्टिकच्या पाकिटांत घालायचे. खेळात विकत घ्यायच्या पत्त्यांचे १८ प्रकार, प्रत्येकी ३, म्हणजे ५४. चौघांचे सुरुवातीचे आठ-आठ म्हणजे ३२. एकूण ८६ पाकिटं लागतात. हे पत्ते नेहमीच्या कॅटपेक्षा लहान असतात, तेव्हा पट्टीनं मोजून मगच पाकिटं घ्यावीत.

नियमांची पुस्तिका वाचून दाखवू नये, निम्मे जण पाणी प्यायला उठतात. आठ पत्ते हातात द्यावे: चार पिवळे, तीन हिरवे, एक निळा. दर पाळीला चार उचलायचे. हिरव्यानं जंगल, निळ्यानं पाणी, पिवळ्यानं गाव. खरेदीला पिवळ्याची पूर्ण किंमत, बाकीच्यांचं अर्धं नाणं. एका पाळीत एकच पत्ता विकत मिळतो आणि सुटे परत मिळत नाहीत.

सगळ्यात जास्त अडतं ते पुढच्या नियमावर. जंगलाची ताकद पटावर आणि हिरव्या पत्त्यांवर कोयत्यांच्या चित्रांनी दाखवलेली असते. घरावर दोन कोयते असतील तर दोन कोयत्यांचा एकच पत्ता लागतो. एकेकाचे दोन जोडून चालत नाही. “काऊन नाही चालत? एक अन् एक दोनच ना!” हे प्रत्येक घरी ऐकू येतं. उलट बाजू लगेच दाखवावी: तीन कोयत्यांच्या एका पत्त्यानं एकेरी जंगलाची तीन घरं ओलांडता येतात. हे कळलं की मोठे पत्ते घ्यायचे कशाला, हे वेगळं सांगावं लागत नाही.

मग एक पाळी उघड्या पत्त्यांनी खेळून दाखवायची. हातात दोन पिवळे, एक हिरवा, एक निळा आहे असं धरा. हिरवा चालीला वापरला तर एक घर पुढे, आणि उरलेल्यांत अडीच नाणी. दोन नाण्यांचा पत्ता मिळेल, अर्धं वाया. चाल सोडली तर पूर्ण तीन नाणी, आणि तीन कोयत्यांचा पत्ता आपला. सुरुवातीला मी दुसराच मार्ग धरतो. मुलांना मात्र सोंगटी मागे राहिलेली बघवत नाही.

घेतलेला पत्ता हातात येत नाही, वापरलेल्या ढिगात जातो आणि गड्डी संपून ढीग पिसला गेल्यावरच फिरतो. इथंच खादाडपणा नडतो. आठ पत्त्यांची गड्डी दोन पाळ्यांत फिरते. सोळाची झाली की फिरायला चार लागतात, आणि भारी पत्ता ऐनवेळी तळाशी बसलेला असतो. म्हणून लाल छावणीची घरं टाळू नयेत. त्यावर जितका आकडा तितके पत्ते डावातून कायमचे बाद होतात. सुरुवातीचे पिवळे तिथंच खपवावे. राखाडी घरात पत्ते फक्त ढिगात जातात, पुन्हा येतात. नवखे या दोघांची हमखास गल्लत करतात.

निळा पत्ता घेताना पट बघावा. पुढे पाणीच नसेल तर तो अर्ध्या नाण्याचा धनी. हाच पत्ता पाण्यापर्यंत हातात धरून ठेवता येतो, पण मग नवे तीनच उचलता येतात.

दुसऱ्याची सोंगटी असलेल्या घरात शिरता येत नाही. डोंगरांमधल्या अरुंद वाटेवर मामा मुद्दाम ठाण मांडून बसले तर ते नियमातच बसतं, भांडण आधीच मिटवून ठेवावं. दोघंच असाल तर प्रत्येकी दोन सोंगट्या, आणि दोन्ही पोचवायच्या.

तुकड्यांमधले अडथळे जो आधी मोडेल त्याने ते जपून ठेवावे. पहिला पोचला तरी चालू फेरी पूर्ण करतात. त्याच फेरीत दुसराही पोचला तर ज्याच्याकडे अडथळे जास्त, तो जिंकतो.