ओमेगावाल्यांचं नेमकं काय दुखतं?

भांडणापेक्षा भांडणाच्या कारणात मला नेहमीच जास्त रस. सांगितलेलं कारण नव्हे, खरं कारण. भावकीतला वाद बांधावरून पेटलाय असं अख्खं गाव सांगतं आणि खोलात गेलं की निघतो वीस वर्षांपूर्वीच्या लग्नात न मिळालेला आहेर.

या खोडीपायी अमेरिकन सिनेमातली कॉलेजंसुद्धा मला सरळपणे बघता येत नाहीत. तिथे फ्रॅटर्निटी नावाची पोरांची मंडळं असतात. ग्रीक अक्षरांचं नाव, राहायला स्वतःचा बंगला, आत शिरण्याआधी उमेदवारीचा छळ. खऱ्या जगात या ग्रीक नावांची सुरुवात १७७६ सालच्या फाय बीटा कापापासून धरतात, आणि ती तर अभ्यासू पोरांची वादविवाद मंडळी होती. सिनेमात मात्र अशी दोन घरं समोरासमोर आली की वैर आलंच. एक घर उनाडांचं, दुसरं शिष्टांचं. यापलीकडे कारण कुणी देत नाही, कुणी मागतही नाही.

‘अ‍ॅनिमल हाउस’ (१९७८) घ्या. काळ १९६२चा, कॉलेज फेबर. डेल्टा घराण्याचा बंगला म्हणजे नुसता उकिरडा. जिन्यावरून मोटरसायकल चढते आणि ब्लूटो नावाच्या महापुरुषाची गुणांची सरासरी शून्य पूर्णांक शून्य आहे. शेजारी ओमेगा. ब्लेझर, कडक इस्त्री, गोड हसून माणसाला कटवण्याची कला. त्यांचा अध्यक्ष ग्रेग मार्मालार्ड आणि त्याचा जोडीदार नीडरमायर, सैनिकी प्रशिक्षणवाला. डेल्टाला कॉलेजमधून हाकलायचंच, हा या मंडळींचा ध्यास.

का पण? शिस्त, कॉलेजची अब्रू वगैरे झालं जाहीर कारण. ग्रेगच्या कानात कुणीतरी भरवतं की तुझ्या मैत्रिणीचं डेल्टाच्या ऑटरशी जमलंय. ते झालं खाजगी कारण. नीडरमायरचा लाडका घोडा डेल्टावाल्यांच्या चेष्टेपायी डीनच्या ऑफिसात हृदय बंद पडून मरतो. घोडा मेल्यावर कुणीही चिडेल, कबूल. पण हा गृहस्थ घोडा जिवंत असतानाही इतकाच चिडलेला असतो. तेव्हा घोडाही बाद.

मला खरं कारण दिसतं ते दीक्षाविधीत. ओमेगाच्या घरात अंधार, मेणबत्त्या, अंगावर झगे. एक नवा उमेदवार चड्डीवर ओणवा उभा आणि नीडरमायर लाकडी फळीने त्याच्या पार्श्वभागाची पूजा बांधतोय. प्रत्येक फटक्याला पोराने आभार मानायचे आणि आणखी एक मागायचा. (हा पोरगा म्हणजे केविन बेकन. पहिल्याच सिनेमात हे नशीब.) तिकडे डेल्टाच्या घरात त्याच विधीला बिअरचे फवारे आणि एकेक टोपणनाव. लॅरी झाला पिंटो, जाडा केंट झाला फ्लाउंडर. झाली दीक्षा.

आता ओमेगावाल्याच्या जागी उभं राहून बघा. आपण फटके खाल्ले, वर धन्यवाद म्हटलं, तेव्हा कुठे ब्लेझर मिळाला. आणि खिडकीतून काय दिसतं? शेजारच्यांना बंधुत्व फुकटात मिळालंय आणि ते आपल्यापेक्षा जास्त मजेत आहेत! डेल्टा बरोबर असतील तर आपले फटके वाया गेले. हे कुणाला सोसेल?

१९५९ साली अ‍ॅरन्सन आणि मिल्स या दोन मानसशास्त्रज्ञांनी एक खट्याळ प्रयोग केला होता. एका चर्चागटात घेण्याआधी काही मुलींना पुरुष परीक्षकासमोर अश्लील मजकूर मोठ्याने वाचायला लावला, काहींना सौम्य शब्द दिले, काहींना काहीच नाही. मग सगळ्यांना त्या गटाची चर्चा ऐकवली. मुद्दाम रटाळ केलेली, प्राण्यांच्या लैंगिक वर्तनावरची. जिला आत येताना सगळ्यात जास्त लाजवलं होतं, तिलाच ती चर्चा सगळ्यात रोचक वाटली. किंमत मोजली की माल चांगला वाटायला लागतो. ओमेगाचं सगळं वैभव असंच मोजलेल्या किमतीवर उभं आहे आणि डेल्टा म्हणजे पलीकडे तोच माल मोफत वाटणारं दुकान. ते बंद पाडल्याशिवाय ओमेगाला झोप कशी लागावी?

झोप येईपर्यंतचे उद्योगही बघण्यासारखे आहेत. मानसशास्त्राच्या परीक्षेचा कागद डेल्टावाले कचऱ्यातून पळवतात; तो खोटा कागद तिथे ओमेगानेच पेरलेला असतो. शेवटी पात्रांचं पुढे काय झालं ते पडद्यावर येतं, त्यात हा ग्रेग निक्सनच्या व्हाइट हाउसमध्ये लागतो आणि मग तुरुंगात जातो. निक्सनची खुर्ची घालवणारं वॉटरगेट प्रकरण ताजं असलेल्या प्रेक्षकांना फार समजवायला लागलं नसेल.

डेल्टाविरुद्ध ओमेगाला हाताशी धरणाऱ्या फेबरच्या डीन वर्मरलाही मी मोकळं सोडत नाही. एका घराला दुसऱ्याविरुद्ध वापरणारे असे डीन सिनेमात नेहमी वर बसलेले असतात. १९५४ साली ओक्लाहोमात मुझफ्फर शेरीफ या मानसशास्त्रज्ञाने शिबिरातल्या मुलांचे दोन गट पाडून चढाओढ लावून दिली होती. ‘ईगल्स’ आणि ‘रॅटलर्स’नी एकमेकांचे झेंडे जाळले. तिथे डीनचं काम शास्त्रज्ञांनी केलं, एवढाच फरक.

‘रिव्हेंज ऑफ द नर्ड्स’मधलं (१९८४) वैर तर सरळ सरळ जागेचं आहे, आणि तेही कुणाच्या लक्षात राहत नाही. फुटबॉलवाले अल्फा बीटा स्वतःच्या हाताने स्वतःचं घर जाळून घेतात आणि पहिल्या वर्षाच्या पोरांचं वसतिगृह बळकावतात. पोरं जिमखान्यात खाटा टाकून झोपतात. बाकी सगळं महाभारत त्यानंतरचं. चष्मेवाली अभ्यासू पोरं, म्हणजेच नर्ड, मग लॅम्डा लॅम्डा लॅम्डा या कृष्णवर्णीयांच्या फ्रॅटर्निटीचा आसरा घेतात, हा या सिनेमातला सगळ्यात शहाणा भाग. खऱ्या जगातल्या अल्फा फाय अल्फा या अशाच फ्रॅटर्निटीचा जन्मही १९०६ साली कॉर्नेलमध्ये एकट्या पडलेल्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांमधूनच झाला होता. मात्र याच नर्डांचा नायक मुखवटा घालून एका मुलीला फसवतो आणि सिनेमा ते विजय म्हणून दाखवतो. तिथे मी त्यांची बाजू सोडतो. छळ सोसला म्हणून कुणी सज्जन होत नाही.

‘मॉन्स्टर्स युनिव्हर्सिटी’ (२०१३) या राक्षसांच्या कॉलेजवरच्या कार्टूनपटातल्या रोअर ओमेगा रोअरवाल्यांबद्दल फार तर्क करायला नको. बापाच्या नावावर सली नावाच्या पोराला आत घेतात, नापास व्हायची चिन्हं दिसताच जॅकेट काढून घेतात. वैर कसलं, तो हिशेब आहे.

पण मला छळतो तो ‘अ‍ॅनिमल हाउस’मधला जगदीश. ओमेगाच्या पार्टीत नको असलेल्या पाहुण्यांना गोड बोलून एका कोपऱ्यात बसवतात. तिथे मोहम्मद आहे, फेटेवाला जगदीश आहे, एक आंधळा मुलगा, एक चाकाच्या खुर्चीतला. लॅरी आणि केंट तिथून उठतात आणि डेल्टात जातात. जगदीश जात नाही. वाटेल त्याला आत घेणाऱ्या डेल्टावाल्यांच्याही तो गावी नाही. एरवी एकमेकांच्या जिवावर उठलेल्या दोन्ही घरांचं या एका बाबतीत काय एकमत!

माझा भाचा तिकडे शिकतो. त्याला विचारलं, “काय रे, जगदीशने मनात काय ठेवलं असेल?”

“मामा, तो कशाला मनात ठेवतोय,” तो म्हणाला. “त्याने सेमिस्टर काढलं असेल, नोकरी धरली असेल आणि हळूच ते दोन्ही बंगले विकत घेऊन पोरांना भाड्याने दिले असतील. डिपॉझिट तीन महिन्यांचं.”