उभ्या गाडीची बॅटरी आणि चार्जरची निवड : नागपूरच्या उन्हाळ्यातील नोंदी

माझ्याकडील मारुती ८०० आता रोजच्या वापरात नाही. अधूनमधून शहरातल्या शहरात एखादी फेरी, एवढेच तिचे चालणे उरले आहे. अशा गाडीची बॅटरी चालण्यापेक्षा उभे राहण्याने अधिक खराब होते, म्हणून या उन्हाळ्यात तिच्यासाठी कायमचा चार्जर निवडण्याचे काम हाती घेतले. बॅटरी ३५ ॲम्पिअर-तासांची, पाणी घालण्याची झाकणे असलेली, साधी शिसे-आम्ल प्रकारची आहे.

गाडी बंद असताना बॅटरीतून किती प्रवाह जातो, हे प्रथम मोजले. मायनस टर्मिनल सोडवून टर्मिनल आणि केबल यांच्यामध्ये मल्टीमीटर जोडला आणि दरवाजे बंद करून आकडा स्थिर होऊ दिला. तो ३० मिलिॲम्पिअर निघाला. म्युझिक सिस्टिमची स्मृती आणि चोरीचा अलार्म यांचा त्यात मोठा वाटा आहे आणि तो दोष म्हणण्याइतका जास्त नाही. परंतु २४ तासांचे ०.७२ ॲम्पिअर-तास धरले तर महिन्याला २१ हून अधिक होतात, म्हणजे गाडीला हात न लावताही निम्म्याहून जास्त बॅटरी उतरते. उतरलेल्या बॅटरीत दोन्ही प्रकारच्या प्लेटांवर लेड सल्फेट साचते. ते ताजे असताना त्याचे स्फटिक बारीक असतात आणि चार्जिंगमध्ये सहज विरघळतात, पण आठवडेच्या आठवडे तसेच राहिले की ते मोठे व कठीण होतात आणि प्लेटचा तेवढा भाग कायमचा निकामी होतो. म्हणून विश्रांतीनंतरचे व्होल्टेज १२.४ च्या खाली राहू द्यायचे नाही, ही माझी पहिली अट ठरली. पूर्ण भरलेली बॅटरी काही तास स्वस्थ ठेवल्यावर १२.६ ते १२.७ दाखवते, आणि १२.२ म्हणजे साधारण निम्मी.

छोट्या फेरीने हे काम भागत नाही, कारण बॅटरीचा शेवटचा पाचवा हिस्सा फार सावकाश भरतो. अल्टरनेटर, म्हणजे इंजिनवर फिरून बॅटरी भरणारे जनित्र, ठीक असला तरी वीस मिनिटांच्या फेरीत त्या हिश्शापर्यंत पोहोचणे कठीण असते.

बॅटरीच्या दुकानात दिसणारा जुना चार्जर, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, एसीचे डीसी करणारा रेक्टिफायर आणि प्रवाह दाखवणारा काट्याचा ॲमीटर, हा जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली चांगले काम देतो. मात्र त्याला कुठे थांबायचे हे कळत नाही. घरातील विजेचा दाब वाढला की त्याचाही दाब वाढतो आणि रात्रभर लावून ठेवल्यास बॅटरी १५ व्होल्टच्या पलीकडे जाऊ शकते. तेवढ्या दाबाला पाण्याचे विघटन होऊन हायड्रोजन व ऑक्सिजन जोरात सुटतात, पाणी घटते आणि धन प्लेटची जाळी गंजू लागते. कायम जोडून ठेवण्यासाठी म्हणून हा प्रकार मी सुरुवातीलाच बाजूला ठेवला.

टप्प्याटप्प्याने चालणारा चार्जर आधी ठरावीक प्रवाह देतो, व्होल्टेज १४.४ ला पोहोचले की ते तिथेच धरून प्रवाह आपोआप कमी होऊ देतो, आणि शेवटी १३.५ च्या आसपासच्या फ्लोटवर, म्हणजे भरलेली बॅटरी तशीच राखणाऱ्या कमी व्होल्टेजवर, उतरतो. यातला मधला टप्पा कसा संपतो, हे विकत घेताना आवर्जून विचारावे. प्रवाह क्षमतेच्या एक-दोन टक्क्यांपर्यंत, म्हणजे माझ्या बॅटरीसाठी ०.३५ ते ०.७ ॲम्पिअरपर्यंत, खाली आल्यावर जो चार्जर पुढे सरकतो तो बॅटरीकडे पाहून निर्णय घेतो. केवळ घड्याळावर चालणारा चार्जर कधी अपुरे भरतो, कधी जास्त.

आमच्या विदर्भासाठी खरा प्रश्न यापुढे सुरू होतो. १४.४ आणि १३.५ हे आकडे २५ अंश सेल्सिअसला धरलेले असतात. तापमान वाढले की बॅटरीतील रासायनिक क्रिया वेगवान होते आणि कमी दाबालाच वायू सुटू लागतो, म्हणून प्रत्येक अंशामागे सहा सेलच्या बॅटरीचे व्होल्टेज सुमारे १८ ते २४ मिलिव्होल्टने उतरवावे लागते. मे महिन्यात दुपारी माझ्या पत्र्याच्या शेडमध्ये बॅटरीच्या अंगाला लावलेला तापमापक ४२ अंश दाखवत होता. फरक १७ अंशांचा, म्हणजे ०.३ ते ०.४ व्होल्टचा, त्या हिशेबाने मधल्या टप्प्याला १४ ते १४.१ आणि फ्लोटला १३.१ ते १३.२ व्होल्ट पुरतात. त्याच शेडमध्ये २५ अंशांसाठीचा फ्लोट संपूर्ण उन्हाळाभर चालू ठेवणे म्हणजे बॅटरीला रोज थोडे जास्त चार्जिंग देत राहणे होय. तापमान आठ-दहा अंशांनी वाढले की शिसे-आम्ल बॅटरीचे आयुष्य निम्म्यावर येते, असा ढोबळ नियम आहे. त्यात जास्तीच्या दाबाची भर नको.

बाजारातील अनेक चार्जरांवर बर्फाच्या कणाचे चिन्ह असलेले बटण असते, कारण त्यांची आखणी थंड देशांसाठी झालेली असते. त्या बटणाने दाब १४.७ च्या आसपास जातो आणि एजीएम बॅटरीलाही (जिच्यात आम्ल काचतंतूंच्या थरात शोषलेले असते) तोच चालतो. उष्णतेसाठी असे वेगळे बटण मात्र मला कुठे दिसले नाही. त्यामुळे तापमान ओळखणारी वायर बाहेर काढून बॅटरीला चिकटवता येते, असाच चार्जर मी घेतला. ज्यांत सेन्सर डब्याच्या आत असतो, तिथे चार्जर आणि बॅटरी एकाच ठिकाणी, सारख्याच हवेत ठेवणे गरजेचे आहे. घरात पंख्याखाली चार्जर आणि उन्हात गाडी अशी मांडणी असेल तर त्या सेन्सरचा उपयोग नाही.

प्रवाहाबाबत फार विचार करावा लागला नाही. क्षमतेचा दहावा भाग, म्हणजे ३.५ ॲम्पिअर, हे जुने प्रमाण आजही योग्य आहे आणि ४ ॲम्पिअरचा चार्जर त्याच्या जवळ बसतो. डिझेल गाडीच्या ६५ ॲम्पिअर-तासांच्या बॅटरीला ६ ते ७ ॲम्पिअर घ्यावेत. पल्स देऊन सल्फेट मोडण्याच्या सोयीसाठी मात्र मी वेगळे पैसे मोजणार नाही. स्फटिक कठीण होण्याआधीच बॅटरी भरलेली ठेवणे, यावरच माझा भरवसा आहे. काही चार्जरांत १५.८ व्होल्टपर्यंत जाणारी दुरुस्तीची सोय असते. ती वापरायचीच असेल तर बॅटरी गाडीतून काढून, मोकळ्या हवेत वापरावी, कारण गाडीतील इलेक्ट्रॉनिक भाग एवढ्या दाबासाठी बनवलेले नसतात. लिथियमसाठीचे बटण शिसे-आम्ल बॅटरीवर दाबू नये.

जोडणी करताना प्लस क्लॅम्प टर्मिनलला आणि मायनस क्लॅम्प इंजिनच्या किंवा बॉडीच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून थोड्या अंतरावर लावतो, म्हणजे ठिणगी उडालीच तर वायूजवळ उडत नाही. सिग्नलला आपोआप बंद होणाऱ्या नव्या गाड्यांत मायनस टर्मिनलवर बॅटरीवर लक्ष ठेवणारा सेन्सर असतो. तिथेही बॉडीलाच जोडावे, नाहीतर बाहेरून भरलेल्या चार्जची नोंद गाडीकडे होत नाही.

सध्याची स्थिती अशी : दुपारच्या उष्णतेत फ्लोट १३.१५ व्होल्ट आणि पहाटे १३.३ व्होल्ट, म्हणजे सेन्सर आपले काम करतो आहे. सहाही सेलांतील आम्लाचे विशिष्ट गुरुत्व, म्हणजे पाण्याच्या तुलनेतील घनता, १.२६५ ते १.२७५ यांच्या दरम्यान आहे आणि पाण्याची पातळी नजरेला जाणवेल इतकी खाली गेलेली नाही.

पुढचे काम क्षमतेच्या चाचणीचे. इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब १२ व्होल्टला १.७५ ॲम्पिअर घेतो, आणि ३५ ॲम्पिअर-तासांच्या बॅटरीचा वीस तासांचा दरही, म्हणजे ती वीस तासांत रिकामी करणारा प्रवाहही, नेमका तेवढाच येतो. सेल्फसाठी बनवलेली बॅटरी पूर्ण रिकामी करणे तिला हानिकारक असल्याने हा बल्ब दहा तासच लावून ठेवेन, मग बॅटरीला विश्रांती देऊन व्होल्टेज व गुरुत्व पाहीन. अंक १२.२ आणि १.१९० च्या जवळ आले तर क्षमता शाबूत आहे असे धरेन. बरेच खाली आले तर कोणता सेल मागे पडतो ते हायड्रोमीटरने, म्हणजे गुरुत्व मोजण्याच्या नळीने, शोधेन. दोन्ही स्थितींत त्याच रात्री बॅटरी पुन्हा पूर्ण चार्जिंगला लावायची आहे. ही चाचणी पावसाळा लागून शेडचे तापमान ३० अंशांच्या आसपास आले की करण्याचे ठरवले आहे, कारण भर उन्हाळ्यात क्षमता प्रत्यक्षापेक्षा थोडी जास्तच दिसते.