चाकाहून लहान धाव

वैशाखातल्या एका दुपारी गोठ्याच्या भिंतीशी टेकवून ठेवलेल्या बंडीच्या जुन्या चाकाकडे लक्ष गेले, तेव्हा उन्हाने लाकूड आटून त्यावरची लोखंडी धाव सैल झालेली दिसली. चाक खालच्या बाजूने धावेवर बसलेले असल्यामुळे सगळी फट वर गोळा झाली होती आणि तीत करंगळीचे टोक सहज शिरत होते. फट सेंटीमीटरभराची, म्हणजे दोन्हींच्या व्यासांतला फरक तेवढाच. पण तीच धाव कापून सरळ पसरली असती, तर चाकाच्या घेरापेक्षा तीन सेंटीमीटर आणि वर थोडी अधिक भरली असती. हे तीन आणि वरचे थोडे कुठून आले, ते शाळेत वर्तुळाचा धडा शिकलेल्या कोणाला सांगायला नको.

लहानपणी आमच्या गावात धाव चढवण्याचा दिवस म्हणजे पोरांसाठी सणच असे. वाढई चाकाच्या कडेभोवती दोरी फिरवून घेर घेई, आणि लोहार पट्टी मात्र त्याहून बोटभर कमी कापी. ती कमी का कापायची, असे विचारल्यावर तो आमच्या आबाजींकडे बघत म्हणे, "धाव चाकाहून लहानच पायजे, बाप्पा, नाही तं चाक पुढं अन् धाव मांगं." मग गोवऱ्यांच्या गोल जाळात धाव लाल होई, तिघे-चौघे सांडशांनी ती उचलून चाकावर बसवत, लाकडातून धूर निघे आणि लगेच पाण्याच्या बादल्या ओतल्या जात. त्या वाफेतून आरे करकरत आवळले जाण्याचा जो आवाज येई, तो ऐकण्यासाठी आम्ही शाळा बुडवायलाही तयार असू. लाल तापलेले लोखंड मीटरमागे पाऊण-एक सेंटीमीटर लांबते. चार फुटी चाकाच्या धावेत ही वाढ तीन सेंटीमीटरांच्या आसपास जाते, आणि बोटभराची तूट तेवढ्यापुरती भरून निघते.

शाळेत मात्र हेच गणित सात सेंटीमीटर त्रिज्येच्या वर्तुळात कोंडलेले असे. त्रिज्या सात नसली तर चौदा, चौदा नसली तर एकवीस. म्हणजे बावीस सप्तमांशातला सात निमूटपणे कटून जावा. या सोयीच्या वर्तुळांवर माझा जुना राग आहे, कारण बावीस सप्तमांश म्हणजेच पाय (π, परीघ भागिले व्यास), अशी पक्की समजूत घेऊन कित्येक जण शाळेबाहेर पडतात. भास्कराचार्यांनी 'लीलावती'त हा अपूर्णांक दिला, पण तो स्थूल आणि व्यवहारापुरता आहे हे तिथेच सांगितले, आणि सूक्ष्म कामासाठी ३९२७ भागिले १२५० वेगळे दिले. त्यांच्याही आधी, इ.स. ४९९ च्या सुमारास, आर्यभटांनी २०,००० व्यासाला ६२,८३२ परीघ सांगताना तो जवळपासचा आहे हे नमूद करून ठेवले होते. पाय ही संख्या कोणत्याच अपूर्णांकात नेमकी मावत नाही, याची सिद्धता पुढे १७६१ साली लॅम्बर्ट या गणितज्ञांनी दिली. अर्थात १२० सेंटीमीटर व्यासाच्या चाकाला बावीस सप्तमांशाने येणारी चूक जेमतेम दीड मिलिमीटरची असते, आणि बोटाने तूट मोजणाऱ्या लोहाराला ती कुठे खुपणार? खुपते ती मलाच.

त्या सैल धावेपाशी उभा असताना मनात आले, की अशीच एक धाव पृथ्वीला विषुववृत्तावर चढवली, जवळपास ४०,००० किलोमीटरची, आणि ती एक मीटर जास्त लांब निघाली, तर ती सगळीकडून सारखी किती उचलली जाईल? उत्तर सोळा सेंटीमीटर. तिच्याखालून मांजर अंग चोरून निघून जाईल. बंडीच्या चाकाची धाव मीटरभर जास्त झाली, तरी फट सोळाचीच, कारण वाढलेला परीघ दोन पायने भागला की वाढलेली त्रिज्या मिळते आणि त्या भागाकारात मूळ वर्तुळाच्या आकाराला जागाच नाही. आकडेमोड कागदावर कितीदाही करून पाहिली, तरी ४०,००० किलोमीटरांत एका मीटरचा असा रुबाब मला अजून पटत नाही, आणि पटवून घेण्याची फारशी घाईही नाही.