निवृत्तिनाथांच्या यात्रेला थंडीत चालताना

पौष वद्य एकादशीला त्र्यंबकेश्वरात संत निवृत्तिनाथांची यात्रा भरते. इंग्रजी तारखेचा नेम नाही. २०२५ मध्ये ती २५ जानेवारीला होती, २०२६ मध्ये थेट संक्रांतीच्या दिवशी, १४ जानेवारीला. तारीख कुठलीही असली तरी दिवस गारठ्याचेच. निफाडचा पारा ५ अंशांच्या खाली उतरल्याच्या बातम्या याच सुमारास येतात, आणि याच सुमारास नगर, नाशिक, जळगाव, धुळ्याकडच्या दिंड्या त्र्यंबकच्या वाटेला लागतात.

आम्ही संगमनेरकडून चालतो. कऱ्हे घाट, नांदूर शिंगोटे, दोडी, सिन्नर, मोहदरी घाट, शिंदे-पळसे, नाशिकरोड, सातपूर, महिरावणी, अंजनेरी आणि त्र्यंबक. सगळं मिळून शंभरेक किलोमीटर. भजन म्हणत चाललं की ताशी तीन-साडेतीन किलोमीटरच्या वर वेग जात नाही आणि जानेवारीत उजेड जेमतेम अकरा तास असतो. म्हणून रोजचा टप्पा वीस किलोमीटरच्या आसपास ठेवावा. पंचवीस-अठ्ठावीसचा टप्पा कागदावर बरा दिसतो, पण शेवटचे दोन तास अंधारात आणि हायवेवर जातात.

आषाढीच्या मोठ्या पालख्यांमागे टँकर, दवाखाने, पोलीस असा सगळा लवाजमा असतो. पौषातल्या साठ माणसांच्या दिंडीमागे एक सामानाचा टेम्पो असतो, बस्स. बाकी सगळं वाटेवरच्या घरांवर. ओळख ना देख, पण दिंडी दिसली की माणूस दारातून हाक मारतो. चालायला कुणीही चार दिवसांत शिकतं, घ्यायला मात्र शिकावं लागतं.

मुक्कामाच्या गावांना मार्गशीर्षातच फोन जातो. तरी ऐनवेळी मंगल कार्यालयात दुसराच कार्यक्रम निघतो, नाहीतर शाळेच्या किल्ल्या तालुक्याला गेलेल्या असतात. अशा वेळी चोपदाराने एकट्याने पुढे जावं. साठ माणसं एकदम कुणाच्या अंगणात उभी राहिली तर तो माणूस नाही म्हणू शकत नाही, आणि नाही म्हणायची सोय नसेल तर मागण्यात काय राहिलं? मागायचं तेही नेमकं: रात्रीपुरती जागा, पाणी आणि चुलीला एक कोपरा. जेवण मागायचं नाही. ते बहुतेक वेळा न मागता येतं.

मग घरातून प्रश्न येतो, "माउली, माणसं किती?" इथे "असतील पाच-पन्नास" हे उत्तर फार महागात पडतं. टेम्पोचा ड्रायव्हर धरून नक्की आकडा सांगावा, कारण विचारणारी बाई मनात पीठ मोजत असते. एक किलो बाजरीच्या पिठात मध्यम आकाराच्या आठ-नऊ भाकरी होतात. माणशी दोन धरल्या तर साठ जणांना एकशेवीस, म्हणजे तेरा ते पंधरा किलो पीठ. एवढं पीठ एका घरात तयार नसतं. आळीतल्या चार-पाच घरांत वाटून दिलं जातं आणि तासाभरात टोपल्या एका ओट्यावर जमा होतात. पिठल्याला माणशी पन्नास ग्रॅम बेसन पुरतं. साठ जणांना तीन किलो, त्याला पातळपणाच्या आवडीप्रमाणे बारा ते पंधरा लिटर पाणी. बेसन आधी गार पाण्यात कालवून मगच फोडणीच्या उकळत्या पाण्यात सोडायचं. एवढ्या मोठ्या पातेल्यात कोरडं पीठ टाकलं की गुठळ्या मोडता मोडत नाहीत.

टेम्पोतून बाजरीचं पीठ न्यायचा मोह टाळावा. आठवड्याभरात ते कडवट होतं, त्याची विरी म्हणजे चिकटपणा जातो, आणि भाकरी थापताना कडेने चिरते. गरम पाण्यात मळून वेळ मारून नेता येते, पण चव जायची ती जातेच. धान्य न्यावं आणि मुक्कामाच्या गावच्या गिरणीत दळून घ्यावं. वारकऱ्यांचं दळण म्हटल्यावर गिरणीवाले बाकीच्यांचे नंबर मागे सरकवतात, पैसेही घेत नाहीत. लाइट संध्याकाळी जाणार असेल तर तेही तेच सांगतात. म्हणून पोचल्या पोचल्या पहिला माणूस गिरणीवर धाडावा.

चहाचं वेगळं शास्त्र आहे. चार किलोमीटरांत दहा घरं चहाला थांबवतात. प्रत्येक ठिकाणी पंधरा-वीस मिनिटं धरली तर दुपारपर्यंत दिंडी हलत नाही, आणि नको म्हटलं तर माणसाचा चेहरा उतरतो. आमच्याकडे रिवाज असा की सकाळच्या चालीत चहा एकाच ठिकाणी, बाकीच्या दारांत उभ्या उभ्या एक चरण म्हणायचं, विणेकऱ्याच्या पाया पडू द्यायचं, बुक्का लावायचा आणि निघायचं. तीन मिनिटांत होतं. घरच्यांना काही द्यायचंच असेल तर गूळ-शेंगदाणे घ्यावेत, ते खिशात राहतात. चहा आम्ही करणार असू तर साठ जणांना सहा लिटर: निम्मं दूध, निम्मं पाणी, पाऊण किलो साखर. गुळाचा करायचा असेल तर गूळ पातेलं खाली उतरल्यावर घालावा. उकळत्या दुधात घातला की चहा नासण्याची भीती असते, आणि दुसऱ्याने प्रेमाने दिलेलं तीन लिटर दूध नासवणं बरं दिसत नाही.

रात्रीची थंडी वरून कमी आणि जमिनीतून जास्त येते. शाळेच्या व्हरांड्यातली फरशी पहाटे तीनला बर्फासारखी होते. अंगावर दोन गोधड्या घेऊन खाली नुसती चादर अंथरणारा माणूस रात्रभर कुडकुडतो. उलट करावं: खाली ताडपत्री, त्यावर काहीतरी पोकळ, त्यावर घोंगडी, आणि अंगावर एक गोधडी. हे पोकळ काहीतरी गावागणिक बदलतं. संगमनेरकडे उसाचं पाचट मिळतं, ऊबदार पण कडा कापतात. सिन्नरच्या बाजूला बाजरीचं सरमाड, ते झोपायला फारच ताठ. महिरावणीच्या पुढे भाताचा पेंढा, त्याच्यासारखं अंथरूण नाही. पेंढा देणारा माणूस गाईच्या तोंडचा चारा देत असतो, हे विसरू नये. त्यावर आधी पोती पसरावीत. चहा सांडलेल्या किंवा पायाची माती लागलेल्या चाऱ्याला जनावर तोंड लावत नाही. सकाळी पेंढ्या होत्या तशा बांधून जागेवर रचाव्यात.

शेकोटी उघड्यावरच. कुणी मायेने निखाऱ्यांची पाटी खोलीत आणून ठेवली तर हात जोडून बाहेर न्यावी. बंद खोलीत किंवा ताडपत्रीच्या राहुटीत निखारे ठेवले की कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला वास नाही, धूरही दिसत नाही, झोपलेला माणूस उठत नाही. यात भीड धरायची नाही. राहुटीला वरच्या बाजूला झडप मोकळी ठेवली तर श्वासाची वाफ बाहेर जाते, नाहीतर पहाटे ताडपत्रीच्या आतून पाणी गळतं आणि पांघरुणं ओली होतात.

पहाटेचं गरम पाणी हा या वाटेवरचा सर्वांत मोठा आहेर. घरमालक साडेतीनलाच उठून बंब पेटवतो. सरपण म्हणून मक्याची बुरकुंडं (दाणे काढलेली कणसं), गोवऱ्या, आणि नाशिकच्या बाजूला द्राक्षाच्या छाटणीच्या काड्या. वीस लिटरचा बंब तापायला अर्धा-पाऊण तास घेतो. जुन्या पद्धतीच्या बंबात नरसाळ्यातून गार पाणी ओतलं की तेवढंच गरम पाणी दुसऱ्या तोंडातून बाहेर येतं. गडबड नेमकी इथे होते. मागचा घाई करतो, एकामागून एक तांबे ओतले जातात आणि पाचव्याच्या नशिबी कोमट येतं. तीन-चार तांबे काढले की पाच मिनिटं थांबावं, दोन काड्या सारून जाळ वाढवावा. साठ जणांच्या आंघोळी एका बंबावर होत नाहीत. म्हातारी माणसं आणि बायका आधी, बाकीच्यांनी हातपाय-तोंड धुऊन गंध लावावं. बादलीभर ऊन पाणी घेऊन निवांत बसणारे महाराज प्रत्येक दिंडीत एक तरी असतात. त्यांना हौदाची जागा आदल्या रात्रीच दाखवून ठेवावी.

साडेसहाच्या आत हायवेवर पाऊल टाकू नये. सूर्य सातनंतर उगवतो आणि धुकं त्याहून उशिरा उठतं. साखर कारखाने चालू असतात, त्यामुळे दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले उसाचे ट्रॅक्टर रस्त्यावर असतात. कित्येकांना मागे लाल दिवा नसतो, आणि बाहेर आलेला ऊस चालणाऱ्याला घासून जातो. दोघा-दोघांच्या रांगा, पुढच्या पताकाधारकाला आणि सर्वांत मागच्याला चमकणारं जाकीट, पताकेच्या काठीला परावर्तक पट्टी, मागच्याच्या हातात लाल बॅटरी. दुसरं कारण बिबट्या. उसाच्या पट्ट्यात अंधारात एकट्याने आडोशाला जाणं म्हणजे शुद्ध आगाऊपणा. रात्रपाळीच्या लाइटवर पाणी भरणारे शेतकरी बांधावरूनच आवाज देतात, "बाबा, पुढच्या ओढ्यापाशी काल दिसलाय, घोळक्याने जा." कधी हातातलं फावडं टाकून बॅटरी घेऊन ओढा ओलांडेपर्यंत सोबत येतात. तेवढ्यात इकडे वाफा फुटलेला असतो.

थंडीचा पहिला फटका पखवाजाला बसतो. दवाने कातडं सैल पडतं, वाद्या ढिल्या होतात आणि सूर उतरतो. वाद्यांखालचे लाकडी गट्टे ठोकून चढवायची घाई केली की ऊन आल्यावर कातडं आपोआप ताणतं, सूर भलताच वर जातो आणि शाईला तडे जातात. पहाटे पखवाज गोधडीत गुंडाळून ठेवावा, पहिला तास नुसत्या टाळांवर काढावा. धुम्याला, म्हणजे खर्जाच्या बाजूला, लावायची कणीक गारठ्यात लवकर वाळते, ती घट्ट न मळता सैल मळावी आणि ओल्या फडक्यात ठेवावी. ओला पखवाज शेकोटीवर धरणाऱ्याला मात्र पखवाजाच्या जवळ फिरकू देऊ नये.

पायांचं म्हणाल तर थंडीत फोडांपेक्षा टाचांच्या भेगा जास्त छळतात. रात्री पाय धुऊन, कोरडे करून कोकमतेल कोमट करून भेगांत भरायचं आणि वर सुती मोजे चढवायचे. फोड आलाच तर कातडी ओढून काढू नये. सुई तापवून, निववून कडेला टोचावं, पाणी दाबून काढावं आणि पट्टी लावावी. आरपार दोरा ओवून ठेवायची जुनी रीत आहे, त्या दोऱ्यातूनच घाण आत जाते. मोहदरी घाटाच्या उतारावर बोटं बुटात पुढे सरकतात, त्यामुळे निघण्याच्या दोन दिवस आधी नखं सरळ कापलेली बरी. तहान लागत नाही म्हणून पाणी कमी प्यायलं जातं आणि दुपारी पोटऱ्यांत गोळे येतात. चालताना स्वेटर घालू नये, आतून घाम येतो आणि थांबलं की तोच घाम गार पडतो. स्वेटर थांबल्यावर चढवायचा. टेम्पो कधीतरी पुढे निघून जातो किंवा वाहतुकीत अडकतो, म्हणून एक शाल आणि कानटोपी खांद्याच्या पिशवीत हवीच.

नाशिकरोड ते सातपूर हा पट्टा शहरातला. इथे चहा-नाश्ता भरपूर मिळतो, अडचण होते ती बायकांच्या शौचालयाची. या पट्ट्यात पेट्रोलपंप आणि मंगल कार्यालयं आधी हेरून ठेवावीत. तिथेही नाही जमलं तर दिंडीतल्या दोघी-तिघी वयस्कर बायका सोसायटीच्या फाटकाशी जाऊन सरळ विचारतात. "ताई, या ना आत," असंच उत्तर येतं. एका घरी सगळ्या नाहीत, पाच-पाच जणी वेगवेगळ्या घरी. चपला बाहेर, पाणी नीट ओतून.

एकादशी त्र्यंबकात. दशमीच्या रात्रीपासून उपवासाचं साहित्य लागतं आणि वाटेत लोक भगर, शेंगदाणे, साबुदाणा पिशव्या भरभरून देतात. भगरीच्या बाबतीत जरा कडक राहावं. सुटी, जुनी किंवा दळून ठेवलेली भगर ओल धरते, तिला बुरशी लागते आणि विषबाधा होते. साठ माणसांना एकदम झाली तर आवरत नाही. बंद पाकिटातली घ्यावी, निवडून धुऊन शिजवावी, दुपारची उरलेली रात्री वाढू नये. सुटी मिळालेली भगर देणाऱ्यासमोर परत करायची नाही. टेम्पोत ठेवायची आणि खायची नाही.

कुशावर्तावर पहाटेपासून रीघ लागते. पाणी अंग बधिर करणारं असतं. हृदयाचा किंवा दम्याचा त्रास असलेल्याने डोक्यावर तीर्थ शिंपडून घ्यावं, डुबकीचा हट्ट नको. समाधीच्या दर्शनाची रांग काही तासांची असते, तिथे अनवाणी उभं राहावं लागतं, तेव्हा जाडे मोजे जवळ ठेवावेत. दुपारी नाथांचा रथ निघतो.

द्वादशीला पारणं फेडून माणसं एसटीने परततात, रिकामा टेम्पो मात्र आल्या वाटेने जातो. ज्यांनी पातेली, सतरंज्या, पोती दिली त्यांची ती धुऊन पोचवायची असतात. प्रत्येक घरी लाह्या-बत्तासे, बुक्क्याची पुडी, आणि संक्रांत जवळ असली तर तिळगूळ. पैसे देऊ केले तर लोक दुखावतात. शाळेत उतरलो असू तर खडूचा डबा आणि दोन खराटे तिथे ठेवून येतो. पातेल्यांवर कुणाचं कोणतं ते पहिल्याच दिवशी रंगाने खुणावून ठेवावं, कारण परतीच्या वाटेवर अर्धा वेळ कुठलं झाकण कुठल्या गावचं यातच जातो.