किडनीचा जीन नेमका कोणता?

धुळ्यात बीएस्सीला प्राणिशास्त्र शिकवते, त्यामुळे हा प्रश्न वर्गात येतोच. पण जनुकतपासणीचा रिपोर्ट घेऊन आलेले ओळखीतले लोकही विचारतात, "मॅडम, किडनीचा जीन हाच ना?" रिपोर्टवर एकाच जीनचं नाव ठळक असतं, बहुतेकदा एचएनएफ१बी. तुम्ही विचारलंत म्हणून सांगते: किडनीचा असा एक जीन नाही. आणि ही गोष्ट बेडकाइतकी स्वच्छ मला दुसऱ्या कुठल्याच प्राण्यात दिसली नाही.

पांझरेकाठी पहिल्या पावसात ओरडणारा तो हा बेडूक नव्हे. हा आफ्रिकेतला झेनोपस. अंडं मिलिमीटरभराहून जरासं मोठं, वरून काळपट, खालून फिकट. फलनानंतर दोनेक दिवसांतच पिलाची पहिली किडनी चालू होते. व्हावीच लागते, कारण गोडं पाणी अंगात सारखं झिरपत असतं. ते बाहेर पडलं नाही तर पिलू टम्म फुगतं. आपल्या एका किडनीत साधारण १० लाख नेफ्रॉन (रक्त गाळून लघवी बनवणाऱ्या बारीक नलिका) असतात, या पिलात दोन्ही बाजूंना एकेकच, पण भलंमोठं. त्यामुळे बिघाड लपत नाही.

अंड्याच्या दोन पेशी झाल्या की त्यांतल्या एकीतच बारीक सुईने आरएनए, म्हणजे हव्या त्या जीनचा संदेश, सोडतात. पिलाची एकच बाजू बदलते आणि दुसरी तुलनेला तशीच राहते. मला ही युक्ती फार आवडते. टॉमस कॅरोल आणि पीटर व्हाइझ यांनी १९९९ साली पॅक्स८ आणि एलएचएक्स१ (तेव्हाचं नाव लिम-१) हे दोन जीन असे वापरून पाहिले. एकेकट्याचा परिणाम बेताचा होता. दोन्ही एकत्र दिल्यावर मात्र किडनी कितीतरी वाढली, एवढंच नाही, तर जिथे एरवी किडनी होतच नाही तिथेही नलिका उगवल्या. दोघांच्या परिणामांची नुसती बेरीज केली तर एवढं होत नाही.

हे दोन्ही जीन किडनीच्या जागी चालू होण्यासाठी आधी रेटिनॉइक आम्लाचा (अ जीवनसत्त्वापासून बनणाऱ्या रसायनाचा) इशारा लागतो. पॅक्स८ काढून टाकला तर बेडकात नलिका बनतच नाही. एचएनएफ१बीलाही सुरुवातीला त्याचाच आधार असतो. उंदरात मात्र पॅक्स८ गेला तरी त्याचा भावंड जीन पॅक्स२ सांभाळून घेतो. दोन्ही गेले, तरच किडनीची सुरुवात होत नाही. म्हणजे प्राणी बदलला की तेच जीन कामं वेगळी वाटून घेतात. शिवाय डब्ल्यूटी१ हा आणखी एक जीन आहे. रक्त गाळणाऱ्या भागात तो हवाच, पण वेळेआधी चालू केला तर नलिकांची वाढ रोखतो.

रिपोर्टवरचं ते ठळक नाव या जाळ्यातलं एक असतं. एचएनएफ१बीमधला तोच बदल एकाच घरात मुलीच्या किडनीत सिस्ट (पाण्याने भरलेल्या गाठी) देतो आणि बापाला फक्त मधुमेह. म्हणून रिपोर्ट घेऊन येणाऱ्यांना मी एवढंच सांगते: घरातल्या बाकीच्यांची सोनोग्राफी आणि साखर तपासायची का, हे डॉक्टरांना नक्की विचारा.