वीजबिल कुणाच्याच खिशातून जात नाही

नॅकची, म्हणजे कॉलेजांना ग्रेड देणाऱ्या संस्थेची, तपासणी जवळ आली की कॉलेजात भिंतींना रंग लागतो, कुंड्या येतात आणि एनर्जी ऑडिट होतं. त्याचे मार्क असतात ना, सोलर आहे का, एलईडी लावलेत का, सेन्सर आहेत का, ऑडिट रिपोर्ट आहे का वगैरे. मग एखादी एजन्सी येते, उजेड मोजायचा लक्स मीटर धरून वर्गावर्गात फोटो काढते, स्पायरल बाइंडिंग केलेला रिपोर्ट देते आणि तो वेबसाइटवर चढतो. शेवटी शिफारशींची दोन पानं असतात ती कुणी उघडतही नाही. मला उघडावी लागली, कारण फिजिक्सवाला आहेस तर विजेचं तूच बघ असं म्हणून ग्रीन कमिटीत माझं नाव टाकलं गेलं, आणि आमच्याकडे एकदा कमिटीत नाव गेलं की रिटायर होईपर्यंत निघत नाही.

रिपोर्टमध्ये छापील गोष्टी होत्या, एलईडी लावा, जनजागृती करा, स्टिकर चिकटवा. खरा घोळ कुठे आहे ते मात्र त्यात नव्हतं. घोळ असा की पंखा लावतो विद्यार्थी, बिल येतं अकाउंट्समध्ये, चेकवर सही करते संस्था आणि संस्थेचं ऑफिस दुसऱ्याच इमारतीत. घरी पंखा चालू राहिला की आई ओरडते कारण बिल तिच्या हिशेबातून जातं, इथे ओरडणार कोण? सरकारी ऑफिसं, दवाखाने, झेडपीच्या शाळा, सगळीकडे हेच.

तर मी सुरुवात मीटरपासून केली. आमचं कनेक्शन एचटी आहे, म्हणजे ११ केव्हीची लाइन, स्वतःचा ट्रान्सफॉर्मर आणि बाजूला मीटरचं क्यूबिकल. मीटरचं बटण दाबत गेलं की डिस्प्लेवर एकेक आकडा येतो, त्यातला युनिटचा आकडा घ्यायचा आणि बिलावर छापलेल्या एमएफने, म्हणजे गुणकाने, गुणायचं. शनिवारी संध्याकाळी गेटला कुलूप लागल्यावर एक रीडिंग घेतलं, सोमवारी सकाळी पहिलं लेक्चर सुरू व्हायच्या आधी दुसरं. वजाबाकी करायची, मधल्या तासांनी भागायचं, बंद कॉलेजचा सरासरी लोड हातात. फुकटात होतं हे, ना एजन्सी लागते ना सॉफ्टवेअर. तो आकडा बघून प्राचार्यांनी विचारलं की रविवारी कुणी लेक्चर घेतं का.

कुणीच घेत नाही. पण प्रत्येक मजल्यावरचा वॉटर कूलर मात्र दीड दिवस इमानदारीत पाणी थंड ठेवत बसतो, मागे कॉम्प्रेसर घरघरत असतो आणि पाणी प्यायला चिटपाखरू नाही. कॉम्प्युटर लॅबचा यूपीएस चालू, त्याच्यावर काहीच चालू नसलं तरी तो स्वतः खातोच. सर्व्हर रूमचा एसी १८ वर. (स्टार लेबलवाल्या घरगुती एसीचं डिफॉल्ट सेटिंग १ जानेवारी २०२० पासून २४ केलेलं आहे, स्टार लेबल देणाऱ्या सरकारी बीईईचा हिशेब असा की एक डिग्री वाढवली की साधारण ६ टक्के वीज वाचते, पण रिमोट हातात आला की आपल्या माणसाचं बोट १८ पर्यंत गेल्याशिवाय थांबत नाही.) कॉरिडॉरमध्ये जुन्या ट्यूब रात्रभर, आणि गच्चीवरची टाकी भरून वाहत असताना खाली बोअरचा पंप चालूच.

वॉचमन मामांना म्हटलं, मामा, शनिवारी जाताना कूलर बंद करत जा ना.

"बंद करतो हो सर, पण सोमवारी सकाळी माझी ड्युटी नसते. चालू कोण करणार? पोरं ऑफिसात जाऊन बोंबलतात पाणी गरम म्हणून, अन् ऑफिस मलाच बोलतं."

बरोबर आहे त्यांचं. माणसाने लक्षात ठेवायचं असं ठरवलं की ते पहिल्याच सुट्टीच्या दिवशी मोडतं. म्हणून डीबीत, म्हणजे मजल्याला वीज वाटणाऱ्या बोर्डात, आठवड्याचा डिजिटल टाइमर आणि त्याच्या इशाऱ्यावर लाइन चालू-बंद करणारा एक कॉन्टॅक्टर बसवला, टाकीला ती भरली की पंप बंद करणारा लेव्हल कंट्रोलर. आमच्या वायरमनने एका दुपारी केलं सगळं. मामांनी वरून एक सूचना केली जी कुठल्याच ऑडिटवाल्याला सुचली नव्हती, की कॉरिडॉरची एक सोडून एक ट्यूब वेगळ्या लाइनवर घ्या, रात्री अर्ध्याच पुरतात. रोज रात्री तिथून फिरणाऱ्याला विचारलं की असलं कळतं.

आता पंखे. सगळ्यांना बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरच्या, पंख्यांचं वेड लागलंय आणि पंखा चांगलाच आहे, वाद नाही. साधा पंखा ७५ वॉटच्या आसपास खातो, बीएलडीसी ३० च्या आसपास, म्हणजे ४५ वॉटचा फरक. पण तो पंखा लावायचा कुठे? आमच्या मीटिंगमध्ये ठरत होतं की आधी वर्गांत लावू, नॅकची टीम वर्गांत येते. जरा हिशेब करा. वर्ग वर्षाला दोनशे दिवस, दिवसाला सात तास धरा, १४०० तास झाले. ४५ वॉटने ६३ युनिट. युनिटला दहा रुपये पकडले तरी सहाशे-सव्वासहाशे रुपये वर्षाला, आणि पंखा अडीच-तीन हजाराचा. चार-पाच वर्षं गेली वसुलीला. तोच पंखा होस्टेलमध्ये लावा, तिथे तो दिवसाला अठरा तास आणि वर्षाला तीनशे दिवस फिरतो, झाले ५४०० तास, २४३ युनिट, चोवीसशे रुपये. वर्ष-सव्वा वर्षात पैसे परत. दवाखान्याच्या वॉर्डमध्ये तर त्याहून लवकर. म्हणजे पंखा तोच, पैसे तेवढेच, फक्त खोली कुठली ते महत्त्वाचं. रीडिंग रूम, होस्टेल, वॉचमनची केबिन हे आधी, वर्ग शेवटी. ट्यूबचंही तेच, वर्गातली ट्यूब मुळात दिवसा लागायलाच नको, पण कॉरिडॉरची रोज बारा तास जळते. जुनी चाळीसची ट्यूब तिच्या तांब्याच्या चोकसकट पन्नास वॉटच्या वर जाते, एलईडी वीसमध्ये काम भागवते. सुरुवात तिथून.

आणि स्विचबोर्ड! कुठल्याही कॉलेजच्या, तहसीलच्या, बँकेच्या बोर्डसमोर उभे राहून बघा. दहा-बारा स्विच एका ओळीत, कशाचा कोणता ते बसवणाऱ्या वायरमनलाही आठवत नाही. त्यामुळे सकाळी पहिला जो आत येतो तो तळहाताने वरपासून खालपर्यंत सगळे दाबतो, आणि जाताना एखादा बंद करायला गेला की नेमका दुसऱ्याच्या डोक्यावरचा पंखा बंद होतो, मग ओरडा, मग पुन्हा सगळे चालू. आम्ही एनएसएसची पोरं लावली, ऑइलपेंटचे ठिपके दिले, छतावर पंख्याच्या कपला जो रंग तोच त्याच्या स्विचला. 'वीज वाचवा' च्या स्टिकरपेक्षा या ठिपक्यांचा उपयोग कितीतरी जास्त झाला. एक गोष्ट मात्र ठिपक्यांनी सुटत नाही, ती म्हणजे वायरिंगच. खिडकीजवळच्या ट्यूबची रांग आणि भिंतीजवळची रांग वेगवेगळ्या स्विचवर हवी, म्हणजे भर दुपारी आतली एकच रांग लावता येते, पण आमच्याकडे खिडकीपासून आतल्या भिंतीपर्यंत आडवी लाइन ओढलेली आहे. नवीन वायरिंग करत असाल तर हे आधीच सांगा, नंतर भिंती फोडाव्या लागतात.

बिलातला एक भाग असा आहे जो विजेच्या वापराशी थेट संबंधित वाटत नाही म्हणून कुणी बघत नाही. एप्रिल २०२० पासून महाराष्ट्रात एचटी ग्राहकांचं बिलिंग केव्हीएएचवर आहे, नुसत्या कामाला आलेल्या विजेवर नाही तर एकूण ओढलेल्या विजेवर, म्हणजे पॉवर फॅक्टर (ओढलेल्यातला कामाला आलेला हिस्सा) खराब असेल तर तेवढे युनिट जास्त लागतात. पूर्वी सगळ्यांचा लोड लॅगिंग असायचा, म्हणजे करंट व्होल्टेजच्या मागे राहायचा, चोकच्या ट्यूब, मोटरी, पंखे, म्हणून ते भरून काढायला कपॅसिटर बँक बसवलेली. मग एलईडी आले, चोक गेले, पण कपॅसिटर तसेच राहिले. आता रात्री आणि सुट्टीत लोड जवळजवळ नाही आणि कपॅसिटर चालूच, पॉवर फॅक्टर लीडिंगला जातो, म्हणजे करंट उलट पुढे धावतो, आणि हिशेबात लॅग आणि लीड दोन्ही धरतात. म्हणजे एलईडी लावून वाचवलं त्यातलं थोडं इथून गळतं. फिक्स्ड बँक असेल तर काढून लोडप्रमाणे कपॅसिटर आपोआप जोडणारं-काढणारं एपीएफसी पॅनेल बघा, आणि पॅनेल असेल तर ते खरंच ऑटोवर आहे का बघा, बऱ्याच ठिकाणी कधीतरी बिघडल्यावर मॅन्युअलवर टाकलेलं असतं ते तसंच.

आमच्या कॅम्पसमध्ये एक जुनी दगडी इमारत आहे. जाड काळ्या दगडाच्या भिंती, चौदा-पंधरा फुटांवर छत, पुढे मागे रुंद व्हरांडे, खिडकीच्या वर दोरीने उघडणारी झरोक्यासारखी व्हेंटिलेटर. मे महिन्यात दुपारी आत शिरलं की अंगाला फरक कळतो. मग काय केलं आपल्या लोकांनी? ऑफिस तिथे गेलं, फॉल्स सीलिंग ठोकलं, व्हेंटिलेटर प्लायवूडने बुजवले आणि स्प्लिट एसी लावले. गरम हवा वर जाऊन बाहेर पडायची वाट बंद केली आणि तीच हवा थंड करायला मशीन आणलं. शेजारची नवी इमारत तर विचारूच नका, पश्चिमेला काच, वरच्या मजल्यावर उघडा आरसीसी स्लॅब जो दिवसभर तापतो आणि संध्याकाळपर्यंत खाली उष्णता सोडत बसतो. तिथले पंखे फुल स्पीडवर फिरूनही गरमच हवा फेकतात. गच्चीवर चुना मारला तर स्वस्त आणि फरक लगेच पडतो, पण पावसाळ्यात धुऊन जातो, दरवर्षी मारायला कुणी चढत नाही. चायना मोझॅक, म्हणजे पांढऱ्या टाइल्सच्या तुकड्यांची फरशी, एकदाच महाग पडतं पण टिकतं आणि वॉटरप्रूफिंगही होतं, माझं मत तिकडे.

एसी लागणारच असेल तर थंड कसं करायचं यातही फरक आहे. इन्फोसिसने हैदराबाद कॅम्पसमधल्या एकाच इमारतीचे दोन सारखे भाग करून एकात नेहमीचा हवेचा एसी आणि दुसऱ्यात स्लॅबमधून थंड पाणी फिरवणारी रेडियंट पद्धत अशी शेजारी शेजारी चालवून बघितली, रेडियंटवाल्या भागाला वीज जवळजवळ एक तृतीयांश कमी लागली. असा समोरासमोरचा प्रयोग आपल्या विद्यापीठांनी करायला हवा होता खरं तर, जागाही आहे आणि एमटेकची पोरंही आहेत.

सोलरबद्दल सगळे विचारतात. सोलर हवंच, पण त्याचा फोटो चांगला येतो म्हणून त्याचा नंबर पहिला लागतो ही माझी तक्रार. एक किलोवॉटला गच्चीवर साधारण शंभर चौरस फूट जागा आणि आपल्याकडे दिवसाला चारेक युनिट. म्हणजे जे युनिट टाइमर आणि पंख्यांनी वाचतात तेवढ्यासाठी पॅनेल घ्यायलाच नको. दिल्लीचं इंदिरा पर्यावरण भवन २०१४ ला सुरू झालं, नेट झिरो, म्हणजे वर्षभरात वापरते तेवढी वीज स्वतः बनवणारी इमारत, म्हणून प्रसिद्ध आहे, तिथे ९३० किलोवॉटचं सोलर आहे हे सगळे सांगतात, पण मधलं मोठं अंगण, चिल्ड बीम (छतातून थंड पाणी फिरवून गारवा देणारी सोय), जमिनीत उष्णता सोडायची सोय, हे करून मागणी आधी कमी केली म्हणून तेवढ्या सोलरवर भागतं. कॉलेजला एक सोय आहे, नेट मीटरिंगचा, म्हणजे जास्तीची सोलर वीज लाइनला देऊन बिलातून वळती करण्याचा, हिशेब आर्थिक वर्षाचा असतो, त्यामुळे एप्रिल-मेमध्ये कॉलेज रिकामं आणि ऊन भरपूर असताना जे युनिट जमा होतात ते पुढे जून-जुलैच्या ढगाळ दिवसांत वळते करता येतात. फक्त पॅनेल धुवायचं काम कुणाचं हे टेंडरमध्येच लिहून घ्या. फेब्रुवारीपासून धूळ बसते, कबुतरं आहेतच, आणि टाकीची सावली एका पॅनेलवर पडली तरी त्या ओळीचं उत्पादन खाली येतं. खेड्यातल्या शाळांवर तर बॅटरी गेली म्हणून नुसतं शोभेला उभं असलेलं सोलर मी पाहिलंय.

पैशांचं गाडं अडतं ते हेडवर, म्हणजे बजेटच्या खात्यावर. वीजबिलाचं हेड वेगळं, खरेदीचं वेगळं. बिलात लाख वाचले तरी ते पंखे घ्यायला वापरता येत नाहीत, उलट पुढच्या वर्षी बिलाचं बजेटच कमी होतं. वाचवणाऱ्याच्या हाती काय, तर कमिटीची अजून एक मीटिंग. त्यात खरेदी एल-वन, सर्वात कमी रेटवाला घ्यायचा, मग वीस वर्षं वीज खाणारा पंप तीन हजाराने स्वस्त म्हणून येतो. यावर ईईएसएल या सरकारी ऊर्जा-बचत कंपनीच्या धर्तीचं मॉडेल मला पटतं, आधी खर्च त्यांनी करायचा आणि बचतीतून हप्त्याने वसूल करायचा, सरकारी इमारतींमध्ये एलईडी, पंखे, एसी असे बदललेही गेलेत. छोट्या कॉलेजला मात्र कुणी दारात येत नाही, म्हणून आम्ही संस्थेकडून एवढंच मंजूर करून घेतलं की वाचलेल्या बिलाचा अर्धा भाग ग्रीन कमिटीच्या नावे राहील. कागदावर आलंय, खात्यात अजून नाही.

सध्या नव्या लायब्ररीचा नकाशा टेबलावर आहे. ईसीबीसी, म्हणजे मोठ्या इमारतींसाठीचा ऊर्जा-बचतीचा कोड, २०१७ च्या आवृत्तीत काचेचं प्रमाण भिंतीच्या ४० टक्क्यांपर्यंत ठेवा म्हणतो, आणि १०० किलोवॉट किंवा १२० केव्हीए आणि त्यावरच्या लोडच्या इमारतींसाठी तो आहे, म्हणजे आम्ही बहुतेक त्यात बसतो. नकाशात पश्चिमेची भिंत पूर्ण काचेची आहे. मी आर्किटेक्टना म्हटलं, तिकडे जिना आणि टॉयलेट घ्या, वाचनाची टेबलं उत्तरेला, खिडक्यांवर दोन फुटांचे छज्जे. ते म्हणाले, सर, छज्जा दिला तर एलिव्हेशन, म्हणजे बाहेरून दिसणारं रूप, मार खातं. पुढची मीटिंग दिवाळीनंतर आहे, तोवर मी जुन्या दगडी इमारतीत आणि नव्या इमारतीच्या वरच्या मजल्यावर एकेक थर्मामीटर टांगून ठेवलाय, दुपारी तीनचं रीडिंग मामा वहीत लिहितात.